खड्यांची सोन्याची कानातली घेताना

सराफ कट्ट्यावर ट्रे पुढे आला की डोळा आधी रंगावर जातो. रंग शेवटी पाहा. खड्यांच्या कानातल्यांत पैसा वजनात जातो आणि खडा ढिल्या पकडीतून जातो. या दोन गोष्टी आधी पारखून घ्या.

काट्यावर ठेवल्यावर तीन आकडे विचारा: एकूण वजन, खड्यांचं वजन, निव्वळ सोनं. खडे कॅरेटवर मोजतात. ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम. समजा जोड ६.२०० ग्रॅमचा आणि त्यात ५.५ कॅरेट खडे, म्हणजे १.१०० ग्रॅम. सोनं उरलं ५.१००. हिशेबाच्या सोयीसाठी भाव ग्रॅमला १०,००० धरला, तर खडे सोन्याच्या भावात मोजल्यास ११,००० रुपये जास्त गेले, वर त्याच्यावर घडणावळ. आणि मोडायला जाल तेव्हा खड्यांचं वजन वजा होणारच. म्हणून तिन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या, खड्यांची किंमत वेगळी मांडायला सांगा आणि घडणावळ निव्वळ सोन्यावरच लावून घ्या.

हॉलमार्क, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का, पाहा. इथला कॅरेट वजनाचा नाही, शुद्धतेचा: २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०, सोबत एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की शुद्धता दिसते. पण हा शिक्का सोन्यापुरता, खड्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता पकड. २२ कॅरेट सोनं मऊ, त्यामुळे खडा धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या लवकर वाकतात. २२ कॅरेटच हवं असेल तर खड्याभोवती सोन्याची कड दाबलेलं बंद कोंदण घ्या. नख्यांची बसवणी १८ कॅरेटमध्ये जास्त टिकते. कानातलं कानाजवळ धरून बोटानं हलकं टिचकवा, किणकिण आली तर खडा सैल आहे. मग सुती रुमाल नख्यांवरून अलगद फिरवा. धागा अडकला तर नखी उचललेली आहे. आपल्या सोलापुरी टॉवेलच्या विणीतले ते छोटे फासे अशी नखी नेमकी पकडतात. अंघोळीनंतर कान पुसताना एक झटका बसतो आणि खडा कधी पडला ते संध्याकाळी कळतं. उचललेली नखी तिथल्या तिथे बसवून घेतल्याशिवाय दागिना घेऊ नका.

खडा कुठला हे तोंडी ऐकून थांबू नका. पावतीवर नुसतं ‘लाल खडा’ नको. माणिक की काच, नैसर्गिक की कृत्रिम (प्रयोगशाळेत तयार केलेलं), हे लिहिलेलं हवं. कृत्रिम माणिक वाईट नसतं, कठीणपणा नैसर्गिकाइतकाच, मोह्ज मापावर १० पैकी ९. रोज घालायला उत्तमच, फक्त किंमत कृत्रिमाची द्यावी. भेगांत काच भरलेलं माणिक मात्र टाळा: भिंगातून आत बुडबुडे दिसतात, आणि दुरुस्तीच्या वेळची आच किंवा आम्ल लागलं की काच खराब होते. पाचूच्या भेगांत बहुधा तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे त्याला गरम पाणी आणि सफाईचं अल्ट्रासॉनिक यंत्र दोन्ही वर्ज्य. मोती आणि पोवळं याहून कितीतरी मऊ, घाम आणि अत्तरानं त्यांची चकाकी जाते. सोलापूरच्या मे महिन्यात रोज घालायचं असेल तर माणिक, नीलम किंवा पुष्कराज बरे. मोत्यांच्या कुड्या समारंभासाठी ठेवाव्यात.

रंग पाहायची वेळ आता आली. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात प्रत्येक माणिक खुलतं. ट्रे दारापाशी, दिवसाउजेडी, पण सावलीत पाहा. दोन्ही कानांचे खडे शेजारी ठेवून जुळवा. हजारांच्या घरातला मोठा खडा असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा. बारीक खड्यांना तो परवडत नाही.

घालून पाहिल्याशिवाय उठू नका. कानात जाणारी दांडी कानातल्याच्या मागच्या बाजूच्या मध्याच्या थोडी वर हवी. मध्यावर असली तर जड टॉप्स पुढे कलतात आणि खडा जमिनीकडे बघतो. रोजच्या वापराला एका कानाला ३ ग्रॅमपर्यंत ठीक. फिरकी निदान तीन पूर्ण आटे घट्ट बसली पाहिजे. हातानं केलेली फिरकी ज्या दांडीची तिलाच लावा. अदलाबदल झाली की आटे झिजतात.

धुताना माणिक-नीलमला कोमट पाणी, रिठा आणि मऊ ब्रश चालतो. मोती, पोवळं आणि मागे पन्नी लावलेले कुंदन फक्त मऊ कापडानं पुसा. पन्नीपर्यंत पाणी गेलं की खडा आतून काळवंडतो, आणि तो उजळायला कोंदण उघडावं लागतं.