ओस पडलेल्या आधुनिक इमारतीचं दुखणं कसं शोधायचं

इमारतीपाशी पोचलात की आधी गच्चीचं पाणी कुठून उतरत होतं ते शोधा. सपाट छप्पर ही काँक्रीटच्या या आधुनिक शैलीची ऐट आणि दुखणंही तेच. ढाळ जेमतेम, पाण्याला वाट एक-दोनच. मी एकदा अहवालात 'काँक्रीट निकृष्ट' असं लिहून मोकळा झालो होतो. पुढे गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप उघडला तर आत कबुतराचं घरटं! काँक्रीट बिचारं ठणठणीत होतं.

आत जायचं तर मालकाची परवानगी, हेल्मेट आणि सोबतीला कुणीतरी हवंच. पाइपांवरच्या जुन्या वेष्टनाला हात लावू नका, फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतो.

मग हातोडीनं हलकेच ठोकत चला. आवाज बद्द आला तर आतून पापुद्रा सुटलाय. ताज्या फुटलेल्या कडेवर फेनॉल्फ्थॅलीन (अल्क असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) शिंपडा. गुलाबी झालं तर सळईचं संरक्षण शाबूत आहे. रंग आलाच नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काँक्रीटचा अल्कधर्म घालवलाय. तिथे ओल पोचली की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि सळईवरचा काँक्रीटचा थर उडतो.

पण इमारत कशी पडझडली ते कळलं म्हणजे ती ओस का पडली हे कळलं असं नाही. स्कॉटलंडमधल्या कार्ड्रॉसची सेंट पीटर्स सेमिनरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंची शाळा, १९६६ ची. ती गळायची हे खरं; पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची मोठी धर्मसभा) धर्मगुरू घडवायची रीतच बदलली, विद्यार्थी आटले, १९८० मध्ये दारं बंद झाली. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीत ३३ इमारती होत्या. देखभाल भाड्यातून व्हायची. शहरातली माणसं घटली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, लिफ्ट दुरुस्त होईनात. १९७२ मध्ये पाडकाम सुरू झालं. लोक अजून तिचे वास्तुकार यामासाकी यांच्या नकाशाला बोल लावतात, मला ते पटत नाही. टोकियोच्या नाकागिन टॉवरच्या १४० कॅप्सूल, म्हणजे सुट्या काढता येतील अशा खोल्या, साधारण २५ वर्षांनी बदलायच्या असं वास्तुकार कुरोकावांनी ठरवलं होतं. त्या बदलल्याच नाहीत. २०२२ मध्ये टॉवर उतरवला.

म्हणून दोन तारखा शोधून शेजारी शेजारी मांडा: शेवटची मोठी दुरुस्ती आणि वापर थांबला तो दिवस. दुरुस्ती वापर थांबण्याच्या बरीच आधी थांबली असेल, तर देखभालीचे पैसे कोण देत होतं ते विचारा. दोन्ही जवळजवळ असतील, तर इमारतीचं कामच संपलं होतं का ते बघा. लिफ्टच्या यंत्रखोलीत तपासणीचं कार्ड लटकत असेल तर त्याचा फोटो सगळ्यांत आधी काढा. पहिली तारीख मला बऱ्याचदा तिथेच सापडली आहे.