वेडी बाभूळ काढून खानदेशातला पडीक बरड पुन्हा कसा जिवंत करावा

अमळनेर, पारोळा, धुळे या कमी पावसाच्या पट्ट्यात पडीक बरडावर, म्हणजे मुरमाड हलक्या जमिनीवर, निसर्ग परत आणायचा म्हटले की पहिला सल्ला खड्डे खणून रोपे लावण्याचा मिळतो, आणि तो चुकीचा आहे. आपल्या बरडात पळस, बोर, हिवर यांची जुनी खुंटे बहुधा जिवंत असतात, बांधाच्या आडोशाला मारवेल गवत तग धरून असते. त्यांना वर येऊ न देणारी वेडी बाभूळ (प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे परदेशी काटेरी झाड) काढणे हेच खरे काम आहे.

पहिल्या पावसाळ्यात चराई बंद ठेवावी. गायरान असल्यास हे गावाच्या संमतीनेच टिकते. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळूनच जंगल परत मिळवले. श्रावण-भाद्रपदात पाने ओळखू येतात तेव्हा देशी खुंटांशेजारी खुणेसाठी चुना लावलेले दगड ठेवावेत. देशी बाभळीची शेंग राखाडी, मण्यांच्या माळेसारखी असते आणि तिला पिवळे गोंडे येतात. वेडीची शेंग पिवळसर, चपटी, गोड गराची असते आणि फुलोरा बोटभर लांब तुऱ्यांचा असतो.

हिवाळ्यात, शेंगा धरण्यापूर्वी, वेडी बाभूळ तोडून लाकूड गावाला सरपणासाठी द्यावे.

खरी कसोटी यानंतर लागते. १८७७ च्या सुमारास अमेरिका खंडातून भारतात आलेले हे झाड नुसते तोडले तर एका बुंध्याला अनेक फुटवे येऊन झुडूप पूर्वीपेक्षा दाट होते, कारण फुटव्यांचे डोळे जमिनीखाली, मुळाच्या माथ्यावर असतात. बुंधा पेटवून देऊ नये. त्या आगीत गवताचे बी आणि देशी खुंटांचे कोवळे कोंब जळतात. जेसीबी तर मुळीच आणू नये, कारण तो जपलेली खुंटे उखडतो आणि मुरूम वर आणतो. मृगाचा पाऊस जिरल्यावर टिकाव-पहारीने बुंध्याभोवतीची माती उकरावी, वीतभर ते फूटभर खाली, जिथे फुगीर भाग संपून मूळ सरळ होते तिथे कुऱ्हाड घालावी आणि निघालेला माथा उन्हात उलटा टाकावा. हे काम कंटाळवाणे असल्याने मजूर बुंधा जमिनीलगत कापून माती सारतात, म्हणून प्रत्येक माथा बाहेर आलेला स्वतः पाहावा. पायात जाड तळव्याचे बूट हवेतच. काटा चपलेतून आरपार जातो आणि आत मोडला तर जागा पिकते.

सगळा बरड एकाच वर्षी मोकळा करू नये. तित्तर आणि ससे याच झुडपांत आसरा घेतात, तेव्हा पट्ट्यापट्ट्याने पुढे सरकावे. उकरलेल्या मातीत त्याच दिवशी, आदल्या कार्तिकात बांधावरून गोळा केलेले मारवेल-पवन्या या गवतांचे बी टाकावे. माती उघडी राहिली तर गाजरगवत शिरते. अंजन या झाडाचे बी हवे असल्यास तेही याच वेळी टोकावे.

शेंगा खाल्लेल्या बकऱ्यांच्या लेंड्यांतून वेडी बाभूळ पुन्हा उगवते. ही रोपे पुढील प्रत्येक पावसाळ्यात, माती ओली असतानाच हाताने उपटावीत; दिवाळीनंतर मूळ आत तुटते आणि पुन्हा टिकाव घ्यावा लागतो.