वर्गाची वही: पदवीनंतरच्या वर्षांची नोंद कशी करावी

पदवी घेऊन वीस-पंचवीस वर्षे झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील महाविद्यालयांच्या जुन्या वर्गांना एकत्र येण्याची ओढ लागते. मोबाइलवर गट तयार होतो, एखाद्या मंगल कार्यालयात दिवसभराचा स्नेहमेळावा ठरतो आणि त्या निमित्ताने एक स्मरणिका काढावी, असे कोणीतरी सुचवतो. अशा बऱ्याच स्मरणिका मी पाहिल्या आहेत. बहुतेकींत पासपोर्ट आकाराचे छायाचित्र, नाव, हुद्दा आणि फोन क्रमांक एवढेच असते, आणि दोन-तीन वर्षांत त्यांतला फोन क्रमांकही बदललेला असतो. आम्ही १९९८ साली कला शाखेची पदवी घेतलेल्यांनी पहिल्या खेपेस नेमकी अशीच वही छापली. दुसऱ्या खेपेस मात्र ती मुळापासून नव्याने लिहिली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, सीमाभागातील वर्गाची नोंद हुद्द्यांवरून न करता मुक्कामांवरून करावी. कोण कोठून कोठे गेले, कोणत्या भाषेत काम केले, संसार कोठे मांडला आणि पुन्हा गावी परतले की नाही, हे लिहिले की माणूस आपोआप उभा राहतो.

कामाची सुरुवात मोबाइलवरील गटापासून करू नये. गटात मुळात तेच असतात, ज्यांचे बरे चालले आहे किंवा जे कोणाच्या ना कोणाच्या संपर्कात राहिले आहेत. सुरुवात महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरपासून करावी. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करून आपल्या वर्षाची केवळ नावांची यादी मागावी. पत्ते आणि जन्मतारखा मागितल्या तर कार्यालय नकार देईल, आणि तो योग्यच असेल. बेळगाव परिसरातील जुनी महाविद्यालये २०१० पर्यंत धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होती आणि त्या वर्षी राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती तिकडे गेली. त्यामुळे आमच्या पिढीच्या पदवीच्या कागदांवर धारवाडचा शिक्का आहे, तर आमच्या भाचरांच्या कागदांवर बेळगावचा. निपाणीकरांची गोष्ट याहून निराळी आहे. अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय निपाणीला लागून असले तरी ते कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्याच्या हद्दीत आणि शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येते. म्हणून निपाणीच्या एकाच गल्लीतील दोन मित्रांपैकी एक ‘पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) झालो’ म्हणतो आणि दुसरा ‘बारावी झालो’ म्हणतो. वहीत दोन्ही शब्द जसेच्या तसे ठेवावेत, कारण पुढे कोण कोणत्या बाजूला वळला याचा पहिला धागा बहुधा तिथेच सापडतो.

रजिस्टरातील नावे बहुधा इंग्रजी अक्षरांत असतात, आणि ती मराठीत उतरवताना गडबड होते. आपल्याकडे आडनावे गावांवरून पडलेली असल्याने येळ्ळूरकर, मुतगेकर, कडोलकर, सांबरेकर अशा नावांवरून शोधाची दिशा मिळेल असे वाटते. पण मुतगेकर मुतग्यात राहत असतीलच असे नाही, कारण ज्या घराने गाव सोडले त्यालाच दुसरीकडे गावाचे आडनाव चिकटते. त्यापेक्षा वर्गात तो कोणत्या बसने येत असे, हे आठवणे जास्त उपयोगी पडते. जांबोटीची बस, खानापूरची पॅसेंजर, उचगावची सायकल अशा आठवणींतून आम्ही आठ-दहा जण तरी शोधून काढले.

खरी अडचण वर्गमैत्रिणींच्या बाबतीत येते. लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव बदलते हे सर्वांच्या लक्षात असते. परंतु आपल्या भागात अनेक घरांत ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जात असे, याचा शोध घेणाऱ्यांना विसर पडतो. आमच्या पहिल्या वहीत एकच वर्गमैत्रीण माहेरच्या नावाने ‘पत्ता मिळाला नाही’ या शेऱ्यासह आणि सासरच्या नावाने ‘गृहिणी’ या शेऱ्यासह, अशी दोनदा छापली गेली होती. तिने ती वही हातात घेऊन हसत हसत विचारले, ‘यातली मी कुठली?’ तेव्हापासून आम्ही प्रत्येक नोंदीत वर्गातले नाव आधी आणि आताचे नाव त्याखाली लिहितो, आणि वहीचा अनुक्रम वर्गातल्या नावानेच लावतो. मैत्रिणींचा शोध सासरकडून घेण्याऐवजी माहेरकडून घ्यावा. गणपतीला, गावच्या लक्ष्मी यात्रेला त्या माहेरी येतात; भाऊ, वहिनी किंवा शेजारच्या काकू यांच्याकडून निरोप जातो. पहिला फोन शक्यतो दुसऱ्या वर्गमैत्रिणीने करावा. पंचवीस वर्षांनी अचानक एखाद्या पुरुषाचा फोन आल्यावर घरात काय चर्चा होईल, याचा अंदाज फोन करणाऱ्याला नसतो.

यादी पुरी होत आली की विचारणा सुरू करावी, आणि ती छापील प्रपत्राने करू नये. प्रपत्रात ‘व्यवसाय’ असा रकाना दिला की माणसे सध्याचा हुद्दा तरी लिहितात किंवा तो रकाना कोरा सोडतात, आणि कोरा सोडणारे पुढे मेळाव्यालाही येत नाहीत. त्याऐवजी पंधरा-वीस मिनिटांचा फोन करून ‘निकाल लागला त्या जूनमध्ये तू कुठे होतास?’ असे विचारावे. या प्रश्नाला लाज वाटावी असे उत्तर नसते, कारण त्या जूनमध्ये बहुतेक सगळे घरीच होते. तेथून पुढे वर्षे उलगडत जातात. बोलणारा ‘डीएड करायचे होते, खरं पैसे नव्हते’ असे म्हणाला तर ते तसेच टिपून घ्यावे. आपल्या बोलीतला हा ‘खरं’ म्हणजे ‘पण’ आहे, हे पुण्यात वाढलेल्या मुलांना समजावून सांगण्यासाठी हवी तर तळटीप द्यावी, पण तो काढू नये. वर्गात कन्नड, कोकणी आणि उर्दू बोलणारेही होते. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा मित्र शोधावा, आणि त्यांची नोंद छापण्यापूर्वी त्यांना मराठी मजकूर वाचून दाखवावा. त्यांना वगळून केलेली वही वर्गाची राहत नाही.

नोकरी-व्यवसायाची नोंद करताना सीमाभागाचे काही खास पेच ध्यानात ठेवावे लागतात. कर्नाटक सरकारच्या नोकरीसाठी कन्नड लागते. महाराष्ट्राच्या काही भरत्यांमध्ये सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांना अर्ज करता येतो, पण त्यासाठी त्या गावांत १५ वर्षांचे वास्तव्य असल्याचा दाखला जोडावा लागतो. तिसरी वाट सैन्य, रेल्वे आणि केंद्राच्या इतर खात्यांची. एकाच बाकावरचे तिघे या तीन वाटांनी गेले असतील, तर कोण कोठे गेला यापेक्षा त्याने ती वाट का धरली हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. आमच्यातील एकाने कन्नडची भीती वाटली म्हणून कोल्हापूर गाठले आणि दुसऱ्याने त्याच भीतीपोटी शिकवणी लावून कन्नड असे पक्के केले की आज तो कार्यालयातील टिपणे कन्नडमध्ये लिहितो. हे दोन्ही तपशील ‘लिपिक’ या एका शब्दात बुडाले असते.

सैन्यात गेलेल्यांच्या दोन नोंदी कराव्यात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने पदवी अर्धी टाकून भरतीला गेलेले मित्र प्रत्येक वर्गात असतात. त्या काळी भरती झालेल्या शिपायाला १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळू शकत असे, म्हणून चाळिशीच्या आत ‘निवृत्त’ झालेल्या या मित्रांचे दुसरे आयुष्य शेती, सुरक्षा रक्षकाची नोकरी किंवा दुकान यांत गेलेले असते. केवळ ‘माजी सैनिक’ लिहिले तर त्यांची मागची दहा वर्षे गायब होतात. शिवाय पदवी पुरी न केलेल्यांना यादीत घ्यावे की नाही, असा वाद उठतोच. जो पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावर होता तो वर्गातला, असा नियम आम्ही केला आणि वाद मिटला.

संस्थांची नावे लिहिताना काळजी घ्यावी. सिंडिकेट बँकेत लागलेला मित्र १ एप्रिल २०२० रोजी नोकरी न बदलता कॅनरा बँकेचा झाला. कॉर्पोरेशन बँकेतला त्याच दिवशी युनियन बँकेचा झाला. एसटीत लागलेले म्हणजे बहुधा १९९७ साली वेगळ्या झालेल्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळात लागलेले असतात. बेळगावचा ‘इंडाल’ हा ॲल्युमिनियमचा कारखाना म्हणजे आजचे हिंदाल्को. शहराचे कागदोपत्री नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, आणि पूर्वी चिक्कोडी तालुक्यात असलेली निपाणी आज स्वतंत्र तालुका आहे. त्या त्या वर्षी जे नाव चालत होते तेच लिहावे आणि आजचे नाव पुढे द्यावे; नाहीतर वीस वर्षे एका खुर्चीवर बसलेल्या माणसाने तीन नोकऱ्या केल्या, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

‘गृहिणी’ हा शेरा आम्ही दुसऱ्या वहीतून पूर्णपणे काढून टाकला. घर सांभाळणे हे काम नाही असे म्हणायचे नसून, त्या शब्दाआड इतर कामे दडतात हे त्याचे कारण आहे. विचारणा नीट केल्यावर कळले की, पहिल्या वहीतील ‘गृहिणीं’पैकी एक सहकारी पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करत होती, एक वडगावात यंत्रमागाचा हिशेब पाहत होती, एक विमा प्रतिनिधी होती आणि दोघी घरी शिकवण्या घेत होत्या. रोज बाजारपेठेतल्या दुकानांतून फिरून पिग्मी जमवणाऱ्या बाईला शहर जेवढे ठाऊक असते तेवढे आमच्यातील कोणाही अधिकाऱ्याला नाही. तिची नोंद वहीतील सर्वांत लांब नोंदींपैकी एक झाली.

नमुन्यादाखल एका मित्राची नोंद, नाव वगळून, देतो: ‘निकालानंतर दोन वर्षे वडिलांबरोबर भातशेती. २००० ते २००६ उद्यमबागेतील फौंड्रीत हिशेबनीस. फौंड्री बंद पडल्यावर गोव्यात वेर्णा येथे औषध कंपनीच्या गोदामात. आठवड्याने चोर्ल्याच्या घाटाने गावी. २००८ साली चंदगड तालुक्यातील मुलीशी विवाह. मोठी मुलगी कोकणी समजते, मराठी बोलते, शाळा इंग्रजी. २०२० मध्ये परतला, आता गावात खत-बियाण्यांचे दुकान.’ यात एकही विशेषण नाही, तरी बावीस वर्षे आली आहेत. ‘यशस्वी उद्योजक’, ‘आदर्श माता’ यांसारखे शब्द नोंदीत शिरू देऊ नयेत. ते कितीही प्रेमाने लिहिले तरी शेजारच्या नोंदीतल्या माणसाला टोचतात.

कुटुंबाबद्दल विचारताना मर्यादा पाळाव्यात. विवाह कोठे झाला, हे आपल्याकडे महत्त्वाचे असते, कारण बेळगाव, चंदगड, गडहिंग्लज, आजरा यांच्यात रोटी-बेटीचा व्यवहार सीमेच्या रेघेपेक्षा जुना आहे. मुले कोणत्या माध्यमात शिकली, हाही प्रश्न जरूर विचारावा. मराठी शाळेसाठी मोर्चात गेलेल्यांपैकी कितींची मुले मराठी शाळेत गेली, याचे उत्तर आमच्या वर्गाला फारसे सुखावणारे नव्हते, तरीही आम्ही ते छापले. मात्र मुले आहेत की नाहीत, किती आहेत, नवरा-बायको एकत्र राहतात की नाही, हे आपणहून विचारू नये. ‘घरी कोण कोण असते?’ एवढेच विचारावे आणि जे सांगितले जाईल तेवढेच लिहावे. घटस्फोट, आजार, कर्ज यांविषयी कोणी विश्वासाने बोलले तरी तो मजकूर ‘हे लिहू का?’ असे वेगळे विचारून, होकार आल्यावरच घ्यावा. वेतनाचा आकडा कोणी दिला तरी घेऊ नये.

दिवंगत वर्गमित्रांची नोंद शेवटी काळ्या चौकटीत न टाकता अनुक्रमात त्यांच्याच जागी ठेवावी. घरच्यांना भेटायला दोघांनी जावे, फोनवर विचारू नये. आमच्या एका मित्राच्या आईने त्याचे पीयूसीचे ओळखपत्र जपून ठेवले होते, आणि त्याचे तेच छायाचित्र आम्ही छापले.

मेळाव्याची तारीख ठरवताना १ नोव्हेंबर टाळावा. त्या दिवशी शहरात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाची, मिरवणूक असते, मराठी भाषकांचा काळा दिन असतो आणि रस्ते बंद असतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की लॉज मिळत नाहीत. सीमेवर तणाव वाढला तर कोगनोळी नाक्यावर बसगाड्या थांबतात आणि कोल्हापूर-पुण्याचे मित्र तिथेच अडकतात. एप्रिल-मेमध्ये लग्नसराईमुळे कार्यालय मिळत नाही. आमचा अनुभव असा की, जानेवारीतील दुसरा किंवा तिसरा रविवार सर्वांना सोयीचा पडतो.

छपाईपूर्वी प्रत्येकाला केवळ त्याची स्वतःची नोंद पाठवावी आणि दुरुस्तीसाठी महिनाभराची मुदत द्यावी. उत्तर आले नाही तर ते संमतीचे लक्षण समजू नये; पुन्हा फोन करावा. फोन क्रमांक वहीत छापू नयेत, त्यांची वेगळी यादी एकाकडे असावी. जे सापडले नाहीत त्यांचे रजिस्टरातील नाव छापून त्याखाली अर्धे पान कोरे सोडावे. आमच्या वहीत अशी सहा पाने होती. मेळाव्याच्या दिवशी चहाच्या वेळेत त्यांतली दोन पाने पेनाने भरली गेली, कारण कोणाच्या तरी मावसभावाला ते ठाऊक होते.