माशाचे बारीक काटे काढायचा चिमटा: कसा निवडायचा, कसा वापरायचा

फिलेट, म्हणजे माशाच्या एका बाजूचा मणक्यापासून कापलेला सपाट तुकडा, म्हटलं की वाटतं काट्यांचं काम संपलं, पण मणका आणि फासळ्या काढल्या तरी मांसात बारीक काट्यांची एक रांग राहतेच, ह्यांना पिन बोन म्हणतात. सॅल्मनच्या एका फिलेटमध्ये असे साधारण 30 काटे असतात, बहुतेक डोक्याकडच्या जाड भागात, शेपटीकडे शक्यतो नसतातच. सुरीने कोरत बसलात तर मांसाच्या चिंध्या होतात, हे काम चिमट्याचंच आहे.

चिमटा स्टीलचा घ्या आणि टोक रुंद, चपटं बघून घ्या. भुवयांचा टोकदार चिमटा नको, तो काट्याला एकाच जागी दाबतो आणि काटा तुटतो. घेताना दोन्ही टोकं मिटून उजेडात धरा, मधून फट दिसली तर तो ठेवून द्या, कारण ओला काटा त्यातून सटकणारच. मोठा मासा असेल तर लांब तोंडाची पक्कड लागते, पण ती फक्त किचनसाठीच वेगळी ठेवा.

आता काढायचं कसं. मासा कच्चा आणि गार असतानाच काढायचे, मऊ पडला की मांस लगेच फाटतं. फिलेट कातडीची बाजू खाली करून एका पालथ्या वाडग्यावर पसरा, बाक आला की काट्यांची टोकं आपोआप वर येतात. मग डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवा, टोकं डोक्याकडे झुकलेली असतात त्यामुळे ती बोटाला टोचतात, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. काट्याच्या दोन्ही बाजूंना डाव्या हाताची दोन बोटं ठेवून मांस हलकं दाबून धरा, चिमटा शक्य तितका मांसाजवळ लावा आणि काटा ज्या दिशेला झुकलाय त्याच दिशेने, म्हणजे डोक्याच्या बाजूला तिरका, सावकाश एका दमात ओढा. सरळ वर उपसला की मांसाचा लचका येतो किंवा काटा आत तुटतो, आणि तुटलेला काटा शोधणं फार त्रासाचं. सगळं दिशेवर आहे, जोरावर नाही!

शेजारी पाण्याची वाटी ठेवा, प्रत्येक काट्यानंतर चिमटा त्यात बुडवून हलवला की चिकटलेला काटा सुटतो आणि पकड पण साफ राहते. शेवटी परत एकदा बोट फिरवून बघाच, विशेषतः लहान मुलं खाणार असतील तर.

मासा एकदम ताजा, नुकताच मारलेला असेल तर काटे जाम हलत नाहीत, तेव्हा ओढाताण नको, बर्फात एखाद-दोन दिवस ठेवला की बरेच सैल होतात. आणि कार्प जातीच्या (रोहू, कटला वगैरे) माशांत ह्या चिमट्याचा फारसा उपयोग नाही, त्यांचे काटे इंग्रजी वायसारखे दुफाटे असतात, ओढले की मांस फाडतच येतात. त्यांना सुरीने अगदी जवळजवळ बारीक चिरा द्यायच्या, म्हणजे काट्यांचे तुकडे होतात आणि कडक तळल्यावर ते खाताना लागत नाहीत.