भट्टीजवळ मॉनिटर, केबिनमध्ये सीपीयू: केव्हीएम एक्स्टेंडर बसवताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीच्या शेडमध्ये वर्षभर ठेवलेला सीपीयू उघडून बघा. आत मोल्डिंगची वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करतानाची) लोखंडी पूड यांचा थर बसलेला असतो. यातल्या लोखंडी पुडीतून वीज वाहते. ती मदरबोर्डवर बसली आणि वर पावसाळी ओल आली, की मशीन आज नाही तर उद्या जाणारच. त्यावर उपाय एकच: सीपीयू केबिनमध्ये ठेवायचा आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस तेवढे कामाच्या जागी न्यायचे.

नुसत्या लांब वायरींनी हे जमत नाही. यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर, आणि साध्या एचडीएमआय केबलचा १०-१५ मीटरच्या पुढे भरवसा नाही. केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माउस) एक्स्टेंडरमध्ये दोन डब्या असतात. ट्रान्समीटर सीपीयूजवळ, रिसीव्हर मॉनिटरजवळ आणि मध्ये एकच कॅट-६ (आठ तारांची नेटवर्क) केबल. सीपीयूत कुठलंही सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. विंडोज उठलीच नाही तरी बायोसचा (विंडोजच्या आधीचा) स्क्रीन शेडमध्ये दिसतो. रिमोट डेस्कटॉपवर ते शक्य नाही.

खरेदी करताना अंतर आधी मोजा, आणि केबल जिथून जाणार त्या वाटेने मोजा. सरळ रेषेत ३० मीटर दिसणारं अंतर भिंत चढून, ट्रस फिरून, पुन्हा खाली उतरेपर्यंत ५० मीटर सहज होतं. स्वस्त डब्यांवर ६० मीटर लिहिलेलं असतं ते चांगल्या केबलवर, विजेचा गोंगाट (इलेक्ट्रिकल नॉइज) नसलेल्या जागेत. फाउंड्रीत त्यातले ४० धरा. त्यापुढे एचडीबेसटी (नेटवर्क केबलवरून चित्र लांब नेण्याचं मानक) प्रकारचा घ्या. त्याचा पूर्ण क्षमतेचा प्रकार १०८०पी चित्र १०० मीटरपर्यंत नेतो. शेडमध्ये पेनड्राइव्ह किंवा प्रिंटर लावायचा असेल तर ‘यूएसबी २.०’ स्पष्ट लिहिलेला एक्स्टेंडर हवा. बऱ्याच स्वस्त डब्या फक्त कीबोर्ड-माउस ओळखतात. बारकोड स्कॅनर मात्र त्यांच्यावरही सहसा चालतो, कारण संगणकाच्या लेखी तो कीबोर्डच असतो.

डबीवर खर्च आणि केबलमध्ये काटकसर, हा व्यवहार उलटा आहे. बाजारात मीटरवर मिळणाऱ्या स्वस्त कॅट-६ मध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तार ब्लेडने खरवडा: आत पांढरी निघाली तर केबल परत करा. तिचा रोध जास्त असतो. जिथे रिसीव्हरला वीजही त्याच केबलमधून जाते, तिथे तो मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो. शुद्ध तांब्याची, २३ गेजची, भरीव तारेची, फॉइल शील्ड (विजेचा गोंगाट अडवणारं धातूचं पातळ आवरण) असलेली केबल घ्या आणि आरजे-४५ कनेक्टरही धातूच्या आवरणाचे घ्या. प्लास्टिकचा कनेक्टर लावला तर शील्ड तिथेच तुटते आणि तिचे पैसे फुकट जातात.

क्रिंपिंग (तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवणं) दोन्ही टोकांना सारखंच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मुद्दाम ३ आणि ६ वर फोडलेली आहे. काही वायरमन सोय म्हणून चारही जोड्या ओळीने लावतात. मग टेस्टरवर आठही दिवे बिनचूक लागतात, पण ३-६ आणि ४-५ वर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा जातात, पीळ निकामी होतो आणि चित्र येत नाही. टेस्टर ‘पास’ म्हणतोय म्हणून दोन दिवस डबीवर संशय घेत बसण्यापेक्षा कनेक्टरमधले रंग डोळ्यांनी बघा. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडवू नका.

केबल ओढण्याआधी सगळा संच केबिनमधल्या टेबलावर एक मीटर केबलने जोडून चालवा. ट्रान्समीटरची एचडीएमआय आणि चौकोनी तोंडाची यूएसबी केबल सीपीयूला, रिसीव्हरला मॉनिटर, कीबोर्ड, माउस. इथे चाललं आणि शेडमध्ये नाही, तर दोष केबलचा किंवा जागेचा, हे आधीच ठरून जातं.

केबल टाकायला आठवड्याची सोमवारची सुट्टी बरी. भट्टी थंड, क्रेन उभी. थ्री-फेजच्या केबलपासून किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. इंडक्शन भट्टीचं पॅनेल, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि वेल्डिंगची जागा यांच्यापासून जितकं दूर जाता येईल तितकं जा, किंवा तेवढ्या टप्प्यात लोखंडी पाइपमधून न्या. मध्ये जोड नको. उरलेली केबल गुंडाळून कोपऱ्यात टांगू नका, कापून टाका. वळण घट्ट नको, केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान तर नकोच. शेडच्या पत्र्यातून आत शिरताना केबलला खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे जून-जुलैचं पाणी झोलाच्या टोकावरून गळून पडतं आणि डबीपर्यंत येत नाही.

साधा एक्स्टेंडर आणि ऑफिसचं नेटवर्क यांचा संबंध नाही. आरजे-४५ दिसतो म्हणून कुणीतरी ती केबल स्विचमध्ये खुपसतोच. चित्र तर येणार नाहीच, पण स्विच पीओई (केबलमधूनच वीज देणारा) असेल तर डबी जळू शकते. दोन्ही टोकांना टेप गुंडाळून मार्करने ‘लॅन नाही’ लिहा. स्विचमधून चालणारे आयपी एक्स्टेंडर वेगळे येतात. त्यांना सहसा गिगाबिट स्विच लागतो. एका ट्रान्समीटरवरून अनेक रिसीव्हर चालवायचे असतील तर स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंगही (चित्र फक्त मागणाऱ्या पोर्टवर पाठवण्याची सोय) चालू हवं, नाहीतर चित्राचा लोंढा प्रत्येक पोर्टवर जाऊन ऑफिसचं नेटवर्क झोपतं.

अर्थिंगकडे दुर्लक्ष महागात पडतं. दोन्ही टोकांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर दिसला तर आधी अर्थिंग सुधारा. केबिन आणि शेड वेगळ्या इमारतीत, वेगळ्या अर्थिंगवर असतील तर तांब्याची केबल टाकूच नका. शील्डमधून कायम करंट वाहत राहतो, आणि एप्रिल-मेच्या वळवात जवळपास वीज पडली तर दोन्ही डब्यांसकट मदरबोर्ड जातो. तिथे फायबरचा एक्स्टेंडर घ्या. थोडा महाग पडतो, पण काचेच्या तंतूतून वीज जात नाही आणि भट्टीच्या गोंगाटाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही.

सुरू करताना क्रम असा: मॉनिटर, रिसीव्हर, ट्रान्समीटर आणि शेवटी सीपीयू. चालू होताना सीपीयू मॉनिटरची ओळख, म्हणजे ईडीआयडी, वाचतो. मॉनिटर नंतर लावला तर सीपीयू भलतंच रिझोल्यूशन देतो किंवा काहीच देत नाही. पहिल्यांदा १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ ठेवा. दोन्ही डब्यांचे अडॅप्टर यूपीएसवर हवेत. रिसीव्हर शेडच्या सॉकेटवर असेल तर मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतो आणि स्क्रीन काही सेकंद काळा पडतो.

चित्रावर पांढरे ठिपके चमकत असतील तर सिग्नल कमजोर आहे: कनेक्टर पुन्हा क्रिंप करा आणि तरीही राहिले तर ३० हर्ट्झवर आणून बघा. फक्त भट्टी चालू असताना चित्र जात असेल तर केबलचा मार्ग बदला. लिंकचा दिवा लागतो पण स्क्रीन काळा, तर ईडीआयडीचं बटण किंवा स्विच बघा, सीपीयू रीस्टार्ट करा. चित्र येतं पण कीबोर्ड मुका, तर बहुतेक वेळा ट्रान्समीटरची यूएसबी केबल सीपीयूत लावायचीच राहिलेली असते. रंगीत दिव्यांचे गेमिंग कीबोर्ड टाळा. साधा वायरचा कीबोर्ड थेट रिसीव्हरमध्ये लावा, मध्ये हब नको. माउस अडखळत असेल आणि तो गेमिंगचा असेल तर पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो तो आकडा) १२५ हर्ट्झवर आणा.

रिसीव्हर झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत बसवा, पण भट्टीच्या तोंडासमोर नको. बहुतेक डब्या ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेल्या असतात. कीबोर्डला सिलिकॉनचं आवरण घाला. पाळी संपताना कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय शेडमध्ये सगळ्यांनाच असते, ती इथे मोडावी लागते. त्या हवेत तेल आणि पाणी असतं, आणि तिच्या जोरावर लोखंडी पूड पोर्टच्या आत जाऊन बसते. मऊ ब्रश पुरतो. रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या लावा आणि पेटीत दोन जादा धातूचे कनेक्टर ठेवून द्या. रात्रपाळीत कोल्हापूरच्या उद्यमनगरातली दुकानं उघडी नसतात.