विहिरीतून येणारा आवाज

ऑनलाइन वर्गात मुलं रोज म्हणायची, "सर, विहिरीतून बोलताय का?" मी आपला इंटरनेटला दोष देत राउटर बंद-चालू करत बसलो. शेवटी स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकलं आणि लाज वाटली. 'स' आणि 'श' यांत फरकच कळेना.

घोळ ब्लूटूथचा होता. हेडफोनचा माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या मोडमध्ये जाते आणि आवाजाचा सॅम्पल रेट (म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) बहुधा 8 किंवा 16 किलोहर्ट्झवर उतरतो. मलाही सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू यायचं, ते त्यामुळेच. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन तसाच ठेवला, माइक मात्र लॅपटॉपचा निवडला. दोन क्लिकचं काम! पंख्याची घरघर तेवढी आता जास्त येते, म्हणून वर्गापुरता पंखा बंद.