चाळिशीनंतर धावायला लागताना: दम वाढला, आता पोटऱ्यांना वेळ द्या

बूट घेताना बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडा. बीपी, शुगर किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आठवड्यातून 3 दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. आधी 5 मिनिटे भरभर चाला. मग 1 मिनिट धावा, 2 मिनिटे चाला, असे 8 वेळा. पुढे दर आठवड्याला धावणे थोडे वाढवत न्या. वेग इतकाच ठेवा की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येईल. ‘धाप लागल्याशिवाय व्यायाम कसला?’ असे सांगणाऱ्यांचे अजिबात ऐकू नका. नवशिके या सल्ल्यानेच महिन्याभरात घरी बसतात.

खरी परीक्षा सहाव्या-सातव्या आठवड्यात असते. एके दिवशी 20 मिनिटे सलग धावता येते, दम लागत नाही, आणि आता काहीही जमेल असे वाटू लागते. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. पण पोटरीला टाचेशी बांधणारी जाड कंडरा आणि पायाची हाडे यांना महिने लागतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी, आणि वयानुसार तिची दुरुस्ती आणखी मंदावते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी इथेच चुकले. सलग दोन दिवस धावले, तिसऱ्या दिवशी वेगही वाढवला. चौथ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरले तर पहिली पाच-सहा पावले भिंत धरून टाकावी लागली. दहा मिनिटांत पाय मोकळा झाला, म्हणून मी पुन्हा धावायला गेले. त्या एका धावण्यापायी दोन महिने गेले. चालल्यावर दुखणे थांबते याचा अर्थ ते बरे झाले असा मुळीच नाही.

म्हणून रोज सकाळची पहिली पावले तपासा. टाचेच्या वरची कंडरा चिमटीत धरून हलकेच दाबा. ताठरपणा किंवा कळ जाणवली तर त्या दिवशी फक्त चाला. ती पूर्ण गेल्याशिवाय धावू नका.

न धावण्याच्या दिवशी जिन्याची पायरी वापरा. कठडा धरून चवड्यांवर उभे राहा, दोन्ही टाचा वर उचला, मग सगळे वजन एका पायावर घेऊन टाच पायरीखाली सावकाश सोडा. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. 15 वेळांचे 3 संच गुडघा सरळ ठेवून, तेवढेच किंचित वाकवून. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मध्यमवयीन हौशी खेळाडूंच्या दुखऱ्या कंडरेसाठी हाच व्यायाम दिवसातून दोनदा, 12 आठवडे करून घेतला होता. कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नका. सपाट जमिनीवरच करा. नुसते ताणण्याचे व्यायाम याची जागा घेत नाहीत, हे मी ठामपणे सांगते.

वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. चढावर धावणे म्हणजेही वेग वाढवणेच समजा. दर चौथ्या आठवड्यात धावण्याचा वेळ एक-तृतीयांशाने कमी करा, पाय छान वाटत असले तरी.

30 मिनिटे सलग धावून सहा आठवडे सकाळची पावले मोकळी पडली, की तीनपैकी एकाच दिवशी, शेवटी, 20 सेकंदांच्या चार जलद धावा घाला. मधे श्वास पूर्ण शांत होईपर्यंत चाला.